तांड्याची चारशे दहा पोती

“पोतं शिवल्यावर तोला, ताई. उघड्या तोंडाचं पोतं तोललं तर ते तोललं म्हणत नसतेत.”

लिंबाजीकाका हे सांगत होते तेव्हा माझ्या कडेवर आठ महिन्यांची रेवा होती आणि हातात नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वायर. शाळेच्या ओट्यावर प्लग कुठे मिळतो ते मी शोधत होते. लिंबाजीकाकांनी बाजार समितीत मापाडी म्हणून चाळीस वर्षं काढली होती. आमच्या शेतकरी कंपनीने गावोगाव मका तोलायला हे चपटे काटे घेतले आणि काकांना बोलावलं ते नुसतं लक्ष ठेवायला. मला वाटलं, म्हातारा दुखावलाय. चाळीस वर्षांचा हात आणि आता एक डबी लाल आकडे दाखवणार.

“काका, हा काटा ग्रॅम दाखवतो,” मी म्हणाले. “शिवल्यावर कमी भरलं तर उसवत कोण बसणार?”

“कमी भरत नसतंय,” ते म्हणाले. “तीच तर गंमत हाय.”

गंमत काय, ते मी विचारलं नाही. रेवा कुरकुर करत होती आणि मी तिच्या मानेला हाताची मागची बाजू लावून बघत होते. ही माझी सवय. दर अर्ध्या तासाला. सासूबाई म्हणायच्या, लेकराचं अंग आहे, तवा नाही.

मी तेव्हा कंपनीची व्यवस्थापक होते. बी.कॉम. झालेली, सावरखेड्याच्या पंचक्रोशीत संगणक चालवू शकणारी आणि परगावी नोकरीला न गेलेली, एवढ्या पात्रतेवर. नवरा चाकणला कारखान्यात. कंपनीत आठ गावं आणि एक तांडा मिळून चारशे बारा सभासद. तोवर सगळे आपापला मका आडत्याच्या दारात नेऊन टाकत. त्या वर्षी पहिल्यांदा दक्षिणेतल्या कोंबडीखाद्याच्या एका कारखान्याशी बोलणं झालं. त्यांचा भाव चांगला होता, पण माल त्यांच्या दारात पोचवायचा होता. ट्रकने न्यायचा तर वाढीव भाव सगळा रस्त्यातच संपत होता. रेल्वेने ते भाडं निम्म्याहून खाली येई. मात्र रेल्वे आपली दहावीस पोती नेत नाही. तिला अख्खी गाडी भरून हवी असते, आणि ती गाडी तिच्या अटींवर येते.

त्या अटी मला मालधक्क्यावरच्या रामटेके साहेबांनी समजावल्या. ते तिथले मालबाबू, मूळचे भंडाऱ्याकडचे. टेबलावर काचेखाली त्यांनी नियमांचे कागद दाबून ठेवले होते आणि बोलताना त्या त्या कागदावर बोट ठेवायचे.

“वीस वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, गाडी भेटते तुम्हाले. आली की नऊ तासांत भरायची. दहावा तास लागला की दंड सुरू. वाघिणीत माल कमी भरला तरी भाडं पूर्ण लागते. जास्त भरला तर जास्तीच्या मालावर भाड्याच्या कितीतरी पट.”

“म्हणजे नेमका भरायचा.”

“नेमका,” ते म्हणाले आणि काचेवरचं बोट उचललं.

मी नेमका हिशेब मांडला. पोत्यात पन्नास किलो मका, सहाशे ग्रॅम बारदान, म्हणजे रिकामं पोतं. वाघिणीला साडेबाराशे पोती, वीस वाघिणींना पंचवीस हजार. गावोगाव काटा नेला, सूचना छापून वाचून दाखवल्या. शेवटची सूचना होती, ‘काटा झाल्यावर पोत्यास हात लावू नये.’ काटा झाला की बायका दाभण घेऊन तिथंच पोती शिवायला बसत आणि मी पुढच्या गावाला निघे.

तांडा सगळ्यात शेवटी होता, मालधक्क्यापासून चौदा किलोमीटर, डोंगराच्या कुशीत. अकरा घरांचा मका. तिथं मला जमना आडे भेटली. तिच्या कडेवरही रेवाएवढंच लेकरू होतं. तिने मला ती सूचना दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, “तुमची कधीची?”

“फाल्गुनातली.”

“हा शिमग्याचा. अंकुश.” तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. “उसाच्या फडात झाला, ताई. पाचटावर. संध्याकाळी झाला अन् चौथ्या दिवशी म्या मोळ्या बांधायलते.”

माझी रेवा जिल्ह्याच्या दवाखान्यात झाली होती आणि त्यानंतर चाळीस दिवस मी पंख्याखालीही गेले नव्हते.

“यंदा ऊसतोडीला कोयता घ्यायचा न्हाई ठरलंय,” जमना म्हणाली. “अडतीस पोती झालीत आमची. तुमच्या भावानं गेली तर उन्हाळ्यापस्तोर निघतंय. मुकादम दोनदा येऊन गेलाय, उचल घ्या म्हणतो. म्या म्हणलं, आधी आमची रेल्वे जाऊ द्या.”

‘आमची रेल्वे’ हे ती इतकं सहज म्हणाली की तिचा नवरा विलास हसला. “रेल्वे हिच्या बापाची,” तो म्हणाला.

“बापाची न्हाई, कंपनीची. पावती हाय माझ्याकडं.”

गाडी आली ती बुधवारी, सकाळी पावणेनऊला. पावणेसहापर्यंत भरायची होती. धक्क्यावर सात गावांची पोती आधीच थप्पी लावून ठेवलेली. आठव्या गावाचे ट्रॅक्टर रांगेत होते आणि तांड्याला मी दुपारचा नंबर दिला होता, लांबचा म्हणून. पण तांड्याच्या ट्रॉल्या दहालाच येऊन उभ्या राहिल्या. सव्वाशे हमाल, त्यांचे पुढारी इस्माईलभाई, यादी घेऊन मी, शेला डोक्याला गुंडाळून आमचे अध्यक्ष भानुदासराव, आणि खुर्चीवर काटा मांडीशी धरून लिंबाजीकाका.

रेवा सकाळपासून तापली होती. थर्मामीटरवर शंभर पॉइंट चार. सासूबाई म्हणाल्या, ठेवून जा. मी ठेवली नाही. मला वाटत होतं की माझ्या नजरेआड ताप वाढेल. तालुक्याचे बालरोगतज्ज्ञ पाचपर्यंत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी ते सुट्टीवर जाणार होते, हे मी फोन करून विचारून ठेवलं होतं.

धक्क्यावर मक्याची धूळ उडत होती. रेवा शिंकायला लागली. जमना ट्रॉलीवरून उतरली, आली आणि काही न विचारता तिने रेवाला माझ्या कडेवरून घेतलं.

“हितं कुठं उभं करताय लेकराला. तिकडं बाभळीखाली ट्रॉली लावलीय आम्ही. अंकुशची झोळी हाय, हिची दुसरी बांधते. तुम्ही तुमचं लिवा.”

ट्रॉलीच्या खाली दोन झोळ्या लोंबायला लागल्या. मी वाघीण क्रमांक चारपाशी उभी राहून मान वळवून बघत होते. लांबून दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

साडेदहा-पावणेअकरा झाले असतील. इस्माईलभाई घाम पुसत आले.

“म्याडम, हे पन्नासचं पोतं न्हाई.”

“कशावरून?”

“पाठीवरून.”

मी हसले. तेही हसले, पण जागचे हलले नाहीत. “तीस वरसं झाली. पन्नासचं पोतं अंगावर आलं की कळतंय. हे जास्ती हाय. पोरं आत्ताच दमायलीत.”

लिंबाजीकाकांनी काटा जमिनीवर ठेवला. थप्पीतून एक पोतं काढून त्यावर ठेवलं. पन्नास किलो सहाशे ग्रॅम यायला हवे होते. एक्कावन्न तीनशे आले. दुसरं, एक्कावन्न शंभर. तिसरं दुसऱ्या गावाचं, एक्कावन्न पाचशे. दहा पोती तोलली. एकही बरोबर नव्हतं आणि एकही कमी नव्हतं.

“काटा बिघडलाय,” मी म्हणाले.

“काटा झकास हाय,” काका म्हणाले. “ओंजळ हाय ती.”

“कसली ओंजळ?”

“घरातून दाणा निघताना मापाबरोबर कुणी निघू देत नसतंय, ताई. माप झालं की वर एक ओंजळ. आडत्याकडं जायचं असलं तर तो कटती कापणारच, म्हणून आणखी एक. काटा झाला की बाया पोतं शिवायला घेतात, अन् शिवायच्या आधी ओंजळ घालतात. हात आपोआप जातो.”

मी भानुदासरावांकडे पाहिलं. ते शेल्याचं टोक चावत होते.

“आमच्याबी घरी घातली,” ते म्हणाले. “आई म्हणाली, पहिल्यांदा रेल्वेत चाललाय मका, अन् आपल्याच कंपनीला काय तोलून द्यायचं? हात आखडता कशाला.”

पोत्याला सातशे ग्रॅम. वाघिणीला पावणेनऊशे किलो.

मी रामटेके साहेबांच्या टेबलाशी गेले. “साहेब, समजा एखाद्या पोत्यात थोडं...”

“ताई, थांबा.” त्यांनी हात वर केला. “माझ्यासमोर बोलू नका. मी ऐकलं तर मले लिहावं लागते.”

“थोडं चालत नाही का?”

“थोडं चालते. काही किलोची माफी आहे नियमात. तुमचं थोडं किती आहे, ते मले सांगू नका.” त्यांनी आवाज खाली आणला. “अन् माझ्या हातात काही नाही. काटा पुढच्या जंक्शनले रुळातच बसवला आहे. गाडी थांबत बी नाही, चालता चालता तोलते. जास्त निघालं की वाघीण बाजूला काढतात, जास्तीची पोती तिथंच उतरवतात, दंड तुमच्या नावानं. मी गयावया करून बी काटा ऐकत नाही.”

“शेतकऱ्यांचा माल आहे, साहेब. कुणी चोरी केलेली नाही. उलट जास्त दिलंय.”

“समजते मले,” ते म्हणाले. “पण रुळाले काय माहीत, पोत्यात कोणाची ओंजळ आहे.”

बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं. भानुदासराव पोत्यावर बसले. “म्हणजे पहिल्याच गाडीला कंपनी बसली,” ते म्हणाले.

ती बसणार नव्हती. उत्तर सोपं होतं आणि मला ते लगेच दिसलं होतं. प्रत्येक वाघिणीत वीस पोती कमी भरायची. भरून झालेल्या वाघिणींतून वीस-वीस उतरवून पुढच्या वाघिणींत टाकायची. शेवटी चारशे पोती धक्क्यावर उरणार, बाकी गाडी बिनघोर जाणार.

“चारशे कुणाची?” लिंबाजीकाकांनी विचारलं.

आणि तेच पुढे म्हणाले, “चारशे बारा सभासद हायती. प्रत्येकाचं एकेक पोतं मागं ठेवा. कुणाला एका पोत्याचं जड जायचं न्हाई. ओंजळ सगळ्यांनी घातली, पोतं सगळ्यांचं ऱ्हाऊ द्या.”

“शोधावं लागंल,” इस्माईलभाई म्हणाले. “नावाची चिठ्ठी शिवणीत हाय. आत गेलेली पोती बाहेर काढून बघावी लागतील. दोनेक तास जास्ती लागतील, पण वेळेत करतो. पोरांना गूळशेंगा द्या म्हणजे झालं.”

“ताई, तुम्ही सांगा,” भानुदासराव म्हणाले. “हिशेब तुमचा आहे.”

साडेअकरा वाजले होते. मी बाभळीकडे पाहिलं. जमनाने दोन्ही तळवे जोडून गालाशी धरले, म्हणजे झोपली. मग स्वतःच्या कपाळाला हात लावून मान हलवली. त्याचा अर्थ मला कळला नाही. ताप आहे की नाही? वाढला की उतरला? दोन तास जास्त म्हणजे डॉक्टर निघून जाणार. हे मी त्या तिघांना सांगितलं नाही.

मी म्हणाले, “तांड्याच्या ट्रॉल्या अजून उतरवलेल्या नाहीत. चारशे दहा पोती आहेत त्यांची. ती तशीच राहू देत.”

आकडा अगदी नेमका जुळत होता. इस्माईलभाईंनी हमालांना हाक मारली. भानुदासराव उठले, अंगावरची धूळ झटकली. “पुढच्या गाडीला त्यांचं पहिलं,” ते म्हणाले.

“ती तोलून तरी बघा,” लिंबाजीकाका म्हणाले.

“काका, त्यांचीही तेवढीच भरणार.”

ते काट्याची वायर गुंडाळायला लागले.

मी बाभळीखाली गेले. रेवाच्या कपाळावर ओला फडका होता. जमना एका पायाने अंकुशची झोळी हलवत होती आणि हाताने रेवाची.

“उतरलाय ताप,” ती म्हणाली. “घाम आलता. तेच मघाशी खुणवत होते. उठली की पाजा.”

मी मानेला हात लावला. गार होती. मला तिथंच परत फिरता आलं असतं. वीस पावलांवर इस्माईलभाई होते.

“जमना,” मी म्हणाले, “वजनाची अडचण झालीय. गाडीत चारशे पोती मावत नाहीत. तांड्याचा माल पुढच्या गाडीने पाठवू.”

तिचा पाय थांबला. “आमचाच का?”

“शेवटी आला म्हणून.”

“शेवटी तर तुम्हीच बोलावलं, ताई. दुपारचा नंबर दिलता. तरी आम्ही दहालाच आलाव.”

“हो.”

“मग?”

मी म्हणाले, “पुढच्या गाडीला पहिली पोती तुमची. मी स्वतः उभी राहीन.”

“कधी येतीय गाडी?”

“पंधरा दिवसांत.”

ती विलासकडे बघायला लागली. तो ट्रॅक्टरच्या चाकाशी बसून तंबाखू मळत होता. त्याने ऐकलं होतं. “मुकादमाचा ट्रक शनिवारी निघायलाय,” तो म्हणाला. मला नाही, तिला.

“पंधरा दिवस थांबता नाही येणार?” मी विचारलं.

“मुकादम थांबत नसतंय. टोळी भरली की भरली.” जमनाने अंकुशला झोळीतून काढलं. तो झोपेत होता. “अन् पंधरा दिवसांनी गाडी न्हाई आली म्हंजे? तवा कोयताबी न्हाई अन् मकाबी न्हाई.”

“येईल.”

“तुमच्या हातात हाय का, ताई, रेल्वे?”

हे ती भांडून म्हणाली नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी “नाही” म्हणाले.

माल धक्क्यावर ठेवला तर जागेचं भाडं तासावर लागत होतं, म्हणून ट्रॉल्या लगेच परत न्यायच्या होत्या. तांड्याचे बाकीचे लोक आले. एक म्हातारा मला खूप बोलला. तांड्याचं नेहमीच शेवटी, म्हणाला. मीटिंगला सतरंजीच्या कडेला, गाडीला धक्क्याच्या कडेला. भानुदासराव त्याची समजूत घालत होते. विलासने ट्रॅक्टर सुरू केला तरी जमना खालीच उभी होती, कारण रेवाची झोळी अजून ट्रॉलीला बांधलेली होती. तिने गाठ सोडली, झोपलेली रेवा माझ्या हातात दिली.

“डोकं सांभाळा,” ती म्हणाली, “दचकंल.”

मग पोराला घेऊन ट्रॉलीत पोत्यांवर चढून बसली.

शेवटच्या वाघिणीचं दार तीन वाजून पन्नास मिनिटांनी बंद झालं. रामटेके साहेबांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं. “पंचावन्न मिनिटं अन् एक तास हातात ठेवून,” ते म्हणाले. “पहिल्या खेपेले असं कोणी करत नाही, ताई.” इस्माईलभाईंनी मागितले होते ते दोन तास. पाच मिनिटं कमी.

डॉक्टरांनी रेवाला तपासलं. साधी सर्दी, म्हणाले. औषध लिहून देतो, पण नाही दिलं तरी चालेल.

तिसऱ्या दिवशी भानुदासरावांच्या मोबाइलवर निरोप आला की गाडी जंक्शनच्या काट्यावरून बिनदंडाची गेली. ऑफिसात पेढे वाटले. सभेत मला शाल दिली. अहवाल मीच लिहिला. त्यात एक वाक्य आहे : ‘तांत्रिक कारणास्तव ४१० पोती पुढील खेपेसाठी राखून ठेवण्यात आली.’ ते कुणी वाचून मला काही विचारलं नाही.

पुढच्या गाडीची मागणी मी दुसऱ्याच दिवशी भरली. रामटेके साहेब म्हणाले, आता खताच्या गाड्या आहेत, मग सरकारी धान्याच्या. तुमचा नंबर त्यांच्यामागे. नवव्या दिवशी मी काटा घेऊन तांड्यावर गेले. या वेळी शिवलेली पोती तोलायची, ओंजळ काढून घ्यायची आणि गाडी येईल तेव्हा एक क्षणही वाया घालवायचा नाही, असं ठरवून. लिंबाजीकाका बरोबर आले.

आडेंच्या घरात जमनाची सासू एकटी होती. पोती पडवीत रचलेली, वर जुनं लुगडं झाकलेलं.

“गेले शनवारी,” म्हातारी म्हणाली. “लेकरू घेऊनच गेली. म्या म्हणलं ठिव माझ्याजवळ, तर अंगावर पितं म्हणाली.”

लिंबाजीकाकांनी पोतं काट्यावर ठेवलं.

पन्नास सहाशे.

दुसरं ठेवलं. पन्नास सहाशे. तिसरं. काकांनी काटा उचलून झटकला, पुन्हा ठेवला. आम्ही अडतीसच्या अडतीस पोती तोलली. मग शेजारच्या घरची. मग त्याच्या पलीकडची. कुठे पन्नास किलो सहाशे, कुठे पन्नास सहाशे वीस.

“यात कुणी ओंजळ घातली नाही?” मी म्हातारीला विचारलं.

“घालायलते की मी,” ती म्हणाली. “सुनेनं हात धरला माझा. म्हणली, बाईनं कागदावरून दोनदा वाचलंय, काटा झाल्यावर हात लावायचा न्हाई. रेल्वेचा कायदा हाय. साऱ्या तांड्याला सांगत फिरली ती, घरोघर. मी म्हणलं, अगं दाणा असा रिकाम्या हातानं धाडतेत का. ऐकलं न्हाई.”

काकांनी शेवटचं पोतं परत थप्पीवर ठेवलं आणि लुगडं नीट झाकलं.

गाडी मार्चमध्ये आली. तोवर थांबता येण्यासारखं नव्हतं. तांड्याचा मका डिसेंबरातच आडत्याने नेला, त्याच्या भावाने, त्याची कटती कापून. जमनाच्या सासूने पैसे घेतले की कुणी दुसऱ्याने, मला ठाऊक नाही. मी विचारायला गेले नाही.

याला आता चार वर्षं झाली. कंपनीच्या वर्षाला तीन गाड्या जातात. पोती शिवल्यावर तोलतो. लिंबाजीकाका गेल्या वर्षी वारले. रामटेके साहेबांची बदली झाली. जमना पहिल्या उन्हाळ्यात तांड्यावर आली होती म्हणतात, आठ दिवस. तेव्हा मी माहेरी होते. नंतर सासू गेली आणि त्यांचं घर बंद झालं. कंपनीच्या यादीतला तिचा नंबर लागत नाही. मुकादम म्हणतो, त्या जोडीने टोळी बदलली. कुणी म्हणतं बेळगावच्या अंगाला आहेत, कुणी म्हणतं कोल्हापूरकडे, कुणी म्हणतं त्यांनी साखर कारखान्याच्या वाटेवरच कुठेतरी कायमची कोपी, पाचटाची झोपडी, टाकली. मी दोन कारखान्यांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं की मजुरांची नोंद मुकादमाच्या नावे असते.

रेवा आता बालवाडीत जाते. तिच्या मानेला हात लावायची सवय माझी सुटलेली नाही.

तुम्ही उसाच्या मुलखात राहत असाल, तर हे वाचून झाल्यावर एक करा. गावाबाहेर पाचटाच्या कोप्या पडल्या असतील, तिथं एकदा जाऊन या. जमना विलास आडे असं नाव विचारा. वय तिशीच्या आत, बोलणं आमच्या मराठवाड्याचं. बरोबर मुलगा असेल, अंकुश. येत्या शिमग्याला पाच पूर्ण होतील. माझं नाव सांगितलंत तरी चालेल, नाही सांगितलंत तरी चालेल. ती बरी आहे का, पोरगं शाळेत घातलंय का, तेवढं बघा. आणि जाल तेव्हा सकाळी जा. तेव्हा सगळे फडात असतात. तिथं उसाची गाडी भरून झाली की चालक ती मागे घेतो, त्याला खालचं दिसत नाही, आणि लेकरं सावलीला म्हणून चाकांपाशीच निजलेली असतात. त्याला हात करून थांबवा, आणि अंकुश कुठे आहे ते आधी बघा.